खांदा आणि कान: दादांच्या रायफलीवर केलेल्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार
आज भाऊबीज. ताई आणि भाची इंदूरच्या रामबागेतल्या घरी आल्या होत्या. ओवाळणी झाल्यावर मी गॅलरीत बसलो होतो आणि भाची डाव्या बाजूने हाक मारत होती. तिसऱ्या हाकेनंतर तिने खांद्याला हात लावला. "मामा, तुला या कानाने ऐकू येत नाही का?"

दादांचंही असंच होतं. जेवणाच्या पाटावर ते नेहमी भिंतीला डावा कान लावून बसत. महाराष्ट्र साहित्य सभेच्या कार्यक्रमांना गेले तर डावीकडची खुर्ची पकडत, म्हणजे उजवा कान वक्त्याकडे. आम्हाला ती त्यांची सवय वाटायची. साठच्या दशकात चोरल आणि मानपूरच्या जंगलात त्यांनी ज्या रायफलीने शिकार केली ती .३१५ बोअरची आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर ती कपाटात गेली आणि त्यांच्यामागे परवान्यासह माझ्याकडे आली. मी फक्त रेंजवर चालवतो, वर्षातून सात-आठ वेळा. कान मात्र त्यांच्यासारखाच गेला.

रेंजवरचे मित्र कापूस घालतात. मीही पंचवीस वर्षं तेच केलं. आता हे काम नीट हाती घ्यायचं ठरवलं आहे, आणि केलेलं सगळं लिहून ठेवायचं.

६ नोव्हेंबर
कानाची तपासणी केली. ऑडिओग्रामवर, म्हणजे कोणत्या सुराला किती ऐकू येतं त्या आलेखावर, उजव्या कानाची रेघ बऱ्यापैकी सरळ आहे, ४००० हर्ट्झला ३० डेसिबलपर्यंत उतरते. डावी रेघ तिथेच ५५ ला जाते आणि ८००० ला थोडी वर येते. डॉक्टरांनी चौकशीच केली नाही, सरळ म्हणाले, "बंदूक की प्रेसशॉप?" मोठ्या आवाजाने झालेल्या नुकसानाची ही खूण आहे. रेघेत ४००० च्या आसपास असा खड्डा पडतो.

डावाच कान का, हेही त्यांनी कागदावर काढून दाखवलं. उजव्या खांद्यावरून नेम धरला की डोकं दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागावर, झुकतं. नळीच्या तोंडाकडे डावा कान उघडा राहतो, उजवा डोक्याच्या आडोशाला जातो. आतल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. उरलेलं तेवढं सांभाळायचं.

१० नोव्हेंबर, रविवार
महूच्या बाजूची रेंज. पंधरा गोळ्या झाडल्या, कापूस घालून, पूर्वीसारख्या. मुद्दामच. आजची स्थिती लिहून ठेवायची होती.

सहाव्या गोळीपासून मी चाप ओढायच्या आधी डोळा मिटू लागलो. भाचीने फोनवर मंदगतीने चित्रण केलं होतं. त्यात स्पष्ट दिसतं: खांदा पुढे ढकलला जातो, नळी खाली जाते, मग गोळी सुटते. शंभर मीटरवरच्या गोळ्यांचा समूह २२ सेंटिमीटरचा. रात्री गळपट्टीच्या हाडाखाली रुपयाएवढा काळानिळा डाग उमटला. दस्त्याला जुनी धातूची पट्टी आहे, तिच्या वरच्या कडेचा ठसा त्या डागात दिसतो.

रेंजवरचे सुभेदार साहेब मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "साहेब, तुमची रायफल लाथ मारते असं तुम्हाला वाटतं. पण तुम्ही आवाजाला घाबरता, लाथेला नाही." आजचं हे वाक्य जपून ठेवतो.

१२ नोव्हेंबर
हिशेब मांडला. रायफल पट्ट्यासकट ३.६ किलो, वर्कशॉपच्या काट्यावर. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे १५.८ ग्रॅम, वेग सेकंदाला ६१० मीटर धरला. काडतुसातली दारू २.७ ग्रॅम, तिचा वायू नळीच्या तोंडातून सेकंदाला १२०० मीटरने बाहेर पडतो असं धरलं. गोळीचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) ९.६, वायूचा ३.२, एकूण १२.९ च्या जवळपास. रायफल तेवढ्याच संवेगाने मागे येते: सेकंदाला ३.६ मीटर, ऊर्जा २३ ज्यूल. अडीच किलोची साखरेची पिशवी मीटरभर उंचीवरून सोडली तर एवढा तडाखा बसतो.

तुलनेला क्लबची .२२ रायफल घेतली. २.६ ग्रॅमची गोळी, पाच किलोची रायफल, धक्का एका ज्यूलच्या दहाव्या भागाएवढा. भाची .२२ वर तासन् तास बसते आणि तिचं काहीच दुखत नाही, त्याचं कारण एवढंच.

या हिशेबातून दोन गोष्टी निघाल्या. नळीला हात न लावता संवेग कमी करता येत नाही, तो गोळीसोबत ठरलेला आहे. वजन वाढवून ऊर्जा कमी होते: दस्त्यात अर्धा किलो शिसं भरलं तर २३ ची २०. म्हणजे जेमतेम बारा टक्के, आणि बदल्यात हातात जड काठी. ते नको. उरतं ते हे, की तोच धक्का जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरवायचा. हे तर माझं रोजचं काम आहे. सांवेर रोडच्या वर्कशॉपात मी गेली एकतीस वर्षं प्रेस आणि जनरेटरखाली घालायचे रबरी माउंट बनवतो. इतकी वर्षं यंत्रांचे धक्के मोजले आणि स्वतःच्या खांद्याखाली लोखंड ठेवलं.

आणखी एक: गोळी नळीबाहेर पडेपर्यंत रायफल तीनेक मिलिमीटरच मागे आलेली असते. म्हणजे दस्त्याच्या टोकाला मऊ पॅड लावलं की नेम बिघडतो ही रेंजवरची समजूत खरी नाही. पॅडचं खरं काम गोळी गेल्यावर सुरू होतं.

१६ नोव्हेंबर
भाची आज विचारत होती, नळीच्या तोंडालाच काही का लावत नाही. तिचा प्रश्न बरोबर आहे, आवाज तिथूनच येतो. तिला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो.

आवाज दबवणारं उपकरण, म्हणजे सायलेन्सर, हायरम पर्सी मॅक्सिम यांनी केलं, अमेरिकेतलं पेटंट १९०९ चं. मशीनगन शोधणाऱ्या हायरम मॅक्सिम यांचे ते चिरंजीव. वडील स्वतःच्याच बंदुकांच्या आवाजाने बहिरे झाले होते. मुलाने पुढे तीच कल्पना इंजिनांच्या धुराड्यांना लावली. आज आपल्या स्कूटरच्या सायलेन्सरलाही तेच नाव आहे. फिनलंड, नॉर्वेसारख्या देशांत शिकारी ते उपकरण सर्रास वापरतात, कान आणि शेजारी वाचावेत म्हणून.

आपल्याकडे ती वाट बंद आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राच्या व्याख्येतच आवाज किंवा ज्वाला कमी करणारं साहित्य धरलेलं आहे. म्हणजे तसा तुकडा घडवणं हे बंदूक घडवण्यासारखंच. माझ्याकडे लेथ आहे म्हणून तो मला घडवता येईल असं कोणी समजू नये. नळीला मी हात लावणार नाही. परवाना हा विश्वासावर दिलेला असतो. लोकसभा निवडणुकीच्या वेळी रायफल ठाण्यात जमा केली आणि निकालानंतर परत आणली, तेव्हा नोंदवहीत अंक न् अंक तपासून घेतला होता.

शिवाय त्या उपकरणानेही या गोळीचं सगळं भागत नाही. गोळी आवाजाच्या पावणेदोन पट वेगाने जाते, त्यामुळे ती जिथून जाते तिथे हवेत स्वतःचा कडाका करत जाते. तो नळीच्या तोंडाशी थांबवता येत नाही. सुभेदार साहेबांनी निशाण्याखालच्या खंदकात बसून हजारो वेळा ऐकलंय: आधी डोक्यावर "टाक्" आणि मग मागून "धम्म". शंभर मीटरवर या दोन्हींत सेकंदाच्या आठव्या भागाचं अंतर पडतं.

तेव्हा काम तीन ठिकाणी: दस्ता, कान, रेंजची शेड.

१ डिसेंबर, रविवार
वर्कशॉप बंद असताना चाचणीचा सांगाडा उभा केला. दोन उभे गाइड रॉड, त्यांवर सरकणारा ३.६ किलोचा ठोकळा, ठोकळ्याच्या खाली दस्त्याच्या टोकाच्या आकाराचं सागवान. ६५ सेंटिमीटरवरून सोडला की खाली पोचताना वेग सेकंदाला ३.६ मीटर. एकही गोळी न झाडता रायफलीचा धक्का टेबलावर आला. खाली खांद्याच्या जागी वाळूची पिशवी आणि त्यावर ५० मिलिमीटरचा फोम, त्याखाली आमचा नेहमीचा लोडसेल, जोर मोजणारा. त्याचा डिस्प्ले सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो.

प्रत्येकी दहा वेळा सोडून सरासरी:
धातूची पट्टी: ३१० किलो.
बाजारातलं जुनं कडक रबर, १२ मिलिमीटर: २६५.
अगदी मऊ स्पंज, २५ मिलिमीटर: २८५.

स्पंजचा आकडा बघून भाची थांबली. हाताला तो सर्वांत मऊ. मी तिला कडेने बघायला लावलं. ठोकळा पडताच स्पंज कागदासारखा चपटा होतो आणि पुढचा सगळा मार सरळ सागवानातून जातो. रबराला ज्या खोलीपर्यंत दबायचं ती संपली की ते रबर राहत नाही. दुकानात पॅड बोटाने दाबून बघतात, ती परीक्षा म्हणूनच फसवी आहे. बोटाचा जोर पाच किलो, धक्क्याचा दोनशे.

८ डिसेंबर, रविवार
आजचा दिवस वाया गेला आणि चूक पूर्णपणे माझी.

नैसर्गिक रबराचं पॅड गेल्या आठवड्यात काढलं होतं. आकडा चांगला, १९०, पण ठोकळा १४ सेंटिमीटर परत उसळला. खांद्यावर त्याचा अर्थ असा की रायफल पुढेमागे नाचेल आणि गाल आपटेल. म्हणून ब्युटाइल घ्यायचं ठरवलं. ट्यूबमध्ये हवा धरून ठेवणारं रबर ते हेच. ते धक्का खातं आणि सावकाश परत येतं.

रबर मळायच्या मिलच्या रोलांवर आदल्या दिवशीचं नैसर्गिक रबर चिकटलेलं होतं. वरवर पुसलं आणि ब्युटाइल टाकलं. हे दोघं एकत्र नांदत नाहीत, हे मी नव्या कारागिरांना स्वतः शिकवतो: नैसर्गिक रबर सगळं गंधक आधी खाऊन टाकतं आणि ब्युटाइल कच्चं राहतं. घाईत तेच विसरलो. १६० अंशांवर २० मिनिटं प्रेसमध्ये ठेवून मोल्ड उघडला तर पॅड चिकट, पृष्ठभागावर फोड, कापल्यावर आत मधाच्या पोळ्यासारखी भोकं. चारही नग टाकून दिले. रोल घासून, शुद्ध ब्युटाइलचे दोन फेर चालवून ते बाजूला काढले.

१५ डिसेंबर, रविवार
स्वच्छ मिलवर पुन्हा. या वेळी निघालं ते जमलंय. जाडी २५ मिलिमीटर, रबराचा कडकपणा सांगणाऱ्या शोर ए मापावर ३८. आत आडव्या पाच फासळ्या आणि त्यांच्यामध्ये पोकळ्या. धक्का सुरू होताच फासळ्या वाकतात, मग एकमेकींना टेकतात, आणि तिथून पुढे पॅड हळूहळू कडक होत जातं. एकदम तळ लागत नाही.

दहा वेळा सोडून सरासरी १७५ किलो. ठोकळा उसळला पाच सेंटिमीटर.

जागेचाही हिशेब केला. धातूची पट्टी ४० चौरस सेंटिमीटरची, नवं पॅड कडेला रुंद केल्याने ५८. दर चौरस सेंटिमीटरला पावणेआठ किलो पडत होते, ते तीनवर आले. आणि प्रत्यक्षात पट्टीची वरची कडच आधी लागते, म्हणजे फरक याहून मोठा. पॅडचा वरचा कोपरा गोल केला, कपड्यात अडकू नये म्हणून.

२२ डिसेंबर, रविवार
पॅड बसवायचं कसं हा प्रश्न होता. नेहमीची रीत म्हणजे दस्ता इंचभर कापायचा आणि स्क्रूने लावायचं. दादांनी अक्रोडाच्या त्या लाकडाला वर्षानुवर्षं जवसाचं तेल चोळलंय. करवत लावायला हात धजला नाही.

इंदूरची चामड्याची खेळणी प्रसिद्ध आहेत, भौगोलिक मानांकन मिळालेली. तारेचा सांगाडा, त्यावर कागद आणि चिंध्या, वर ओलं चामडं ओढून बसवलेले घोडे आणि हत्ती. तसं काम करणाऱ्या एका कारागिराकडे दस्त्याचा लाकडी साचा घेऊन गेलो. रायफल नेली नाही, नेण्याचं कारणही नव्हतं. त्याने साच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बाबूजी, ये तो हाथी के पाँव जैसा है, चढ़ जाएगा." चामडं रात्रभर भिजवून, साच्यावर ओढून, सावलीत सुकवून त्याने मोजडीसारखं खोळ केलं. टोकाला पॅडची जागा, बाजूला वादीने आवळायची सहा भोकं. टाके आतल्या बाजूने, गालाला लागू नयेत म्हणून. मी फक्त एक सांगितलं होतं, टोक चपटं ठेवा. बाकी सगळी अक्कल त्याची.

चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत आधी ३३० मिलिमीटर होते, आता ३५७. माझ्या हातांना हे उलट जास्त बरं बसतं. इतकी वर्षं मी आखूड दस्त्यावर मान वाकवून नेम धरत होतो.

५ जानेवारी २०२५, रविवार
सकाळी साडेसातला रेंज, पारा ९ वर. पॅड जीपमध्ये रात्रभर राहिलं होतं. कडकपणा मोजायचा ड्युरोमीटर लावला तर ३८ चे ४३ झालेले. ब्युटाइलला थंडी मानवत नाही हे ठाऊक होतं, पण इतकं होईल असं वाटलं नव्हतं. पहिल्या पाच गोळ्यांना खांद्याला टणकपणा जाणवला. मग खोळ काढून अर्धा तास स्वेटरच्या आत छातीशी धरली. पुढच्या पाच वेगळ्याच होत्या. हा धक्का ढकलल्यासारखा येतो, आपटल्यासारखा नाही. पुन्हा सांगाड्यावर थंड पॅड तपासलं: २०५. गरम असताना १७५. हिवाळ्यात पॅड अंगाशी बाळगायचं.

जाड जॅकेट घातल्यावर दस्ता लांब होतो. जॅकेट काढून ठेवावं लागलं.

रात्री खांद्यावर डाग नाही.

१२ जानेवारी, रविवार
आज दोन लेन सोडून एका सदस्याने तोंडाला ब्रेक बसवलेली रायफल आणली होती. ब्रेक म्हणजे बाजूला भोकं असलेला तुकडा. वायू सरळ पुढे जाण्याऐवजी बाजूला आणि थोडा मागे फेकला जातो, आणि रायफल तेवढी कमी मागे येते. त्याच्या खांद्याला ते सुखाचं होतं यात शंका नाही. माझ्या हिशेबात संवेगाचा पाव वाटा वायूचा आहे, ब्रेक त्याच वायूला वळवून कामाला लावतो.

पण तो वायूच आवाज आहे. वळवलेला वायू थेट शेजारच्यांच्या कानाकडे येतो. पहिल्या गोळीला माझ्या शर्टाची कॉलर हलली. .२२ वर पडून नेम धरणारी दोन पोरं दचकून उठून बसली. इयरमफ (कान झाकणाऱ्या गादीच्या वाट्या) घालूनही कानाला दडे बसल्यासारखं झालं. सुभेदार साहेबांनी त्यांना शेवटच्या लेनमध्ये पाठवलं आणि मध्ये जागा रिकामी ठेवली. त्यांनी ऐकलंही.

मला हे इथे ठळक लिहायचं आहे. नळीच्या तोंडाशी खांद्याचं सुख विकत घ्यायचं तर त्याची किंमत कान देतो, आणि बहुतेक वेळा तो दुसऱ्याचा कान असतो. दस्त्याकडून घेतलेलं सुख कोणाला काही महाग पडत नाही.

१९ जानेवारी, रविवार
कानांचं काम. आधी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडला. फोनमधलं आवाज मोजणारं अॅप ११० च्या पुढे सरकतच नाही. त्याचा मायक्रोफोन तिथे गुदमरतो. वर्कशॉपातला मीटरही रेंगाळणाऱ्या आवाजासाठी आहे, हजारांश सेकंदाचं टोक त्याला दिसत नाही. फोनवर आकडा कमी दिसला म्हणून निर्धास्त होणारे लोक रेंजवर आहेत, त्यांना हे सांगितलं. मोठ्या रायफलीचं टोक १५५ ते १७० डेसिबलमध्ये असतं, आणि कानाला एका क्षणासाठीही १४० च्या वर जाऊ देऊ नये, ही कामगार सुरक्षेतली सर्वमान्य मर्यादा आहे. एकच गोळीही पुरेसं नुकसान करते.

कापसाचा उपयोग जवळपास शून्य. तो बदलून आता दोन थर: आत फोमचे प्लग, वर इयरमफ. दोन्हींचे आकडे बेरजेने वाढत नाहीत. दोघांत जे चांगलं त्यावर पाच ते दहा डेसिबल मिळतात, कारण उरलेला आवाज कवटीच्या हाडातूनच आत जातो. तरी ते पाच-दहा लाखमोलाचे.

प्लग घालायची रीत भाचीने शिकवली. बोटांत लांब बारीक वळायचा, सुरकुती न पडता. दुसरा हात डोक्यावरून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे वाट सरळ होते. मग आत सरकवून वीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा, फुलेपर्यंत. आरशात समोरून प्लगचं टोक दिसलं तर तो बसलेला नाही. माझा तीन वेळा दिसला. चौथ्यांदा बसला तेव्हा पंख्याचा आवाज गेला आणि स्वतःचा श्वास ऐकू आला.

चष्म्याची काडी मफच्या गादीखाली फट पाडते. बारीक काडीचा चष्मा केला.

२ फेब्रुवारी, रविवार
शेड. वर पत्रा, दोन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती, खाली फरशी. गोळीचा आवाज एकदा कानात येतो आणि मग तीन बाजूंनी परत येतो.

घरून आईच्या सहा जुन्या गोधड्या नेल्या. फुगे फोडून आवाज ध्वनिमुद्रित केला, प्रत्येक वेळी तेवढाच फुगवलेला, त्याच जागी. संगणकावर त्याचं शेपूट, म्हणजे आवाज विरत जातो तो भाग, बघितलं. मोकळ्या भिंतींसह आवाज पूर्ण विरायला सेकंदाच्या वर लागतो. गोधड्या भिंतीला चिकटवून टांगल्या तर थोडा फरक. भिंतीपासून वीतभर पुढे टांगल्या तर शेपूट जवळपास निम्मं. मागे हवा ठेवली की खालचे सूरही शोषले जातात, चिकटवल्यावर फक्त वरचे.

मी खूश होतो, पण सुभेदार साहेबांनी गोधडीचा कोपरा हातात घेऊन मान हलवली. "न जळलेले दारूचे दाणे पुढे उडतात साहेब. या कापसात बसतील, साठतील. एक दिवस ठिणगी पडेल." त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. गोधड्या त्याच दिवशी उतरवल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार
गोधड्यांच्या जागी रॉकवूल. तो दगडापासून केलेला, जळत नाही. ५० मिलिमीटरचे तक्ते, समोर भोकांचा पत्रा, मागे १० सेंटिमीटर मोकळी जागा. पत्रा मी दिला, रॉकवूलसाठी सदस्यांनी वर्गणी काढली. ब्रेकवाल्या गृहस्थांनी सर्वांत जास्त दिली. तळाशी वीतभर जागा सोडली, झाडू फिरवून दाणे काढता यावेत म्हणून. फुग्याचं शेपूट गोधड्यांपेक्षाही आखूड आलं.

९ मार्च, रविवार
दचकण्याचं काय झालं ते पाहायचं होतं. सुभेदार साहेबांनी रीत सांगितली: मॅगझिनमध्ये खरी आणि डमी काडतुसं दुसऱ्याने मिसळून भरायची, आपल्याला क्रम माहीत नको. डमीवर चाप ओढला की नळी स्थिर राहते की खाली जाते ते दिसतं. काडतुसं ते भरतात, मी बघत नाही.

पहिला संच पॅड लावून पण फक्त प्लग घालून: पाच डमींपैकी तीनवर नळी खाली गेली. दुसरा संच पॅडशिवाय, जुन्या धातूच्या पट्टीवर, पण प्लग आणि मफ दोन्ही: पाचपैकी एकदा. खांदा दुखला, तरी एकदाच. तिसरा संच सगळं घालून: एकदाही नाही. शंभर मीटरवरचा समूह नऊ सेंटिमीटर.

नोव्हेंबरमधलं सुभेदार साहेबांचं वाक्य आठवलं. पाच डमी म्हणजे पुरावा नाही, पण माझ्यापुरतं मला समजलं. मी तीन महिने रबरावर घालवले आणि दचकणं मुख्यतः कानातून येत होतं. दोन्ही करायला हवंच होतं, पण कोणाला आज सुरुवात करायची असेल तर आधी मफ घ्या, पॅड नंतर.

२३ मार्च, रविवार
रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, भाचीच्या केसांतला गुलाल अजून गेलेला नाही. ती आता क्लबच्या बारा बोअरवर ट्रॅप, म्हणजे उडत्या तबकड्यांवर नेमबाजी, सुरू करते आहे. २४ ग्रॅम छऱ्यांच्या काडतुसालाही या रायफलीच्या जवळपास जाणारा धक्का आहे, आणि एका फेरीत पंचवीस गोळ्या. तिच्यासाठी माझं पॅड चालणार नाही. हात आखूड, त्यात २७ मिलिमीटर वाढले तर चाप बोटाला पुरणार नाही. जाडी १६ करायची, फासळ्या तीन, आणि टोक थोडं बाहेरच्या बाजूला वळवायचं. खांद्याचा खळगा तिथे असतो.

माझं पहिलं पॅड आज कापून पाहिलं. सांगाड्यावर तीनशेच्या आसपास वेळा आणि रेंजवर सत्तर गोळ्या झाल्यात. दुसऱ्या फासळीच्या मुळाशी केसाएवढी चीर आहे. मोल्डमध्ये तिथला कोपरा एक मिलिमीटर त्रिज्येचा ठेवला होता, तोच कमी पडला. तो तीन करून मोल्ड टूलरूमला पाठवला, आणि भाचीचा साचा कारागिराकडे.